दोन्ही बाण पेटले की

दोन्ही बाण पेटले की बाबा जाळी गच्च भरून कोरोक्के तेलात सोडायचे. एकच पेटला की अर्धी जाळी.

रेल्वे फाटकाच्या खांबावर ते लाल बाण होते, गाडी कुठल्या बाजूने येतेय ते दाखवणारे. दोन्ही पेटले म्हणजे दोन्हीकडून गाड्या, म्हणजे फाटक लवकर उघडत नाही, हे आमच्या भागात बालवाडीतल्या पोरांनाही कळायचं. लोक सायकलीवरून एक पाय खाली टेकवायचे, सुस्कारा सोडायचे, आणि मग आमच्या दुकानाच्या खिडकीतला वास त्यांच्या नाकात शिरायचा. कोरोक्के म्हणजे आमचं जपानी कटलेट: कुस्करलेला बटाटा, थोडा खिमा, वर पावाचा चुरा, कढत तेल. फाटक वर जायच्या आत कागदात गुंडाळलेला कोरोक्के त्यांच्या हातात असायचा.

बाबा घड्याळ बघत नसत. फाटकाच्या घंटेची टणटण सुरू झाली की हात आपोआप जाळीकडे. रात्री जेवताना घंटा वाजली तरी त्यांच्या जेवणाच्या काड्या वाटीवर थबकायच्या आणि आई म्हणायची, "अहो, दुकान बंद झालंय. भात खा."

या शरदात रूळ उंच पुलाच्या खांबांवर चढले आणि फाटक गेलं. शेवटच्या दिवशी त्याचे फोटो काढायला कुठून कुठून माणसं आली. गळ्यात कॅमेरे, हातात आमचे कोरोक्के. दुपारीच सगळं संपलं. बाबा कपाळ पुसत म्हणाले, "बघ मिनोरी, चव कळणारी माणसं आहेत अजून." मी त्या दिवशी घंटेचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवला. कशासाठी, ते तेव्हा माझं मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाड्या डोक्यावरून आणि सायकली खालून सुसाट. बाबांचा हात मात्र बिघडला. कधी कोरोक्के आतून गार, कधी काळपट. घंटाच नाही तर सोडायचे कधी? उरलेले आम्ही पावात घालून खाल्ले, करीवर ठेवून खाल्ले, माझ्या डब्यात तर रोज. मैत्रिणींनी मला 'बटाटा-हिमे', म्हणजे बटाट्याची राजकन्या, म्हणायला सुरुवात केली. मी ते नाव मानाने मिरवते.

आईने स्टेशनखालच्या नव्या सुपरमार्केटमध्ये काम धरलं. तिथेही ती कोरोक्केच तळते, गोठवलेले, पिशवी फोडून. घरी आल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

दुकान ठेवायचं की सोडायचं, ते घरमालक ओनोदेरा काकांना रविवारी सांगायचं होतं.

"एक हिवाळा बघू," बाबा म्हणाले.

"हिवाळा काय फुकट मिळतो?" आई म्हणाली, आणि मोजे वाळत घालायला गेली.

आता माझं सांगते. उन्हाळ्यापर्यंत वर्गात माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मग शाळेच्या ध्वनिक्षेपण समितीत एक जागा रिकामी झाली, कुणीच हात वर करेना, म्हणून मी केला. आता मधल्या सुट्टीत अख्खी शाळा माझा आवाज ऐकत जेवते. माइक हातात आला की मला वाटतं, जगात असं काही नाही जे नीट मोठ्याने सांगितलं की होत नाही. शुक्रवारी मी समितीचा छोटा स्पीकर मागून घेतला आणि शाळेतून धावतच दुकानात आले.

"बाबा, तुम्हाला फक्त घंटा हवीय ना? आणलीय मी."

"घंटा काय दप्तरात मावते?"

"मावते. बघाच."

स्पीकर खिडकीत ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. टणटण, टणटण.

बाबांची पाठ ताठ झाली. हात जाळीकडे गेला, कोरोक्के तेलात गेले, तेल चुरचुरलं. तीन आठवड्यांनी ते मला माझे बाबा दिसले. मी हसत बाहेर बघितलं आणि माझं हसू तिथेच थिजलं.

रस्त्यावर ब्रेक कचकचले. मोचिदा काकू लेकीला पुढच्या सीटवर घेऊन थांबल्या. त्यांच्यामागे दोन सायकली, मग सूटमधला एक माणूस. सगळे ओळीत, रस्त्यावर अजून न पुसलेल्या पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे. समोर ना दांडा, ना रूळ. तरी सगळे मान वळवून डावीकडे बघत होते, मग उजवीकडे.

"आई, बाण कुठंय?" मोचिदा काकूंच्या लेकीने विचारलं.

डोक्यावरून गाडी धडधडत गेली. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं.

बाबा दोन कोरोक्के कागदात धरून खिडकीतून वाकले. "गरम आहेत. आत्ताच काढलेत."

मोचिदा काकू लाल झाल्या. "बघा ना, सवय मेली जात नाही. आज घरी करी केलीय हो. पुढच्या वेळी नक्की घेते." त्यांनी पायडल मारलं. मागच्या सायकलीही गेल्या. सूटवाला मात्र खिडकीपाशी आला.

"असला आवाज रस्त्यावर लावतात का? कुणी पडलं असतं म्हणजे?"

"चूक झाली. माफ करा," बाबा म्हणाले आणि कमरेत वाकले. तो गेला तरी वाकलेलेच होते. पुढून येणाऱ्या एका आजोबांचीही त्यांनी माफी मागितली, आजोबांना काही ठाऊकही नसताना.

मी घंटा बंद केली. स्पीकर खिडकीतून काढून दप्तरात कोंबला.

बाबांनी एक कोरोक्के मोडून अर्धा मला दिला. बाहेरून सोनेरी, आतून वाफ. इतका चांगला तीन आठवड्यांत झाला नव्हता.

"रंग बरोबर आलाय," ते म्हणाले. मग जाळीतल्या बाकीच्यांकडे बघत राहिले. "ते थांबायचे, मिनोरी. घ्यायला कुणी येत नव्हतं. थांबावं लागायचं, म्हणून घ्यायचे."

"तसं नाही बाबा."

"तसंच आहे. तू खा, गार होईल."

त्यांनी गॅस बंद केला, एप्रनला हात पुसले. "ओनोदेरांकडे जाऊन येतो. रविवारची वाट कशाला बघायची."

ओनोदेरा काका रुळांच्या पलीकडे राहतात, म्हणजे जिथे रूळ होते त्याच्या पलीकडे. मी खिडकीतून बघत होते. बाबा रस्त्याने गेले. पांढऱ्या पट्टीपाशी थांबले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि काहीच येत नाही अशी खात्री करून पुढे गेले.