आबांनी बघितलं

जेवणाची सुट्टी झाली की जगन डबा घेऊन मोठ्या मूर्तींच्या मागे जाऊन बसायचा. कारखान्यातले बाकीचे कामगार दारात वाऱ्याला बसून गप्पा हाणायचे आणि हा माणूस आपला भिंतीकडे तोंड करून. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "डोळ्यांना उजेड सोसत नाय." साफ खोटं. दिवसभर गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाला उजेड सोसत नाही, हे पेणमध्ये कोणाला पटणार? तो तिथे बसून मुलीचं स्टेटस बघायचा.

मुलगी म्हणजे मनस्वी. लग्न करून रोह्याला गेली होती, नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायची. जगन तिच्याशी दोन वर्षं बोलत नव्हता. बोलत नव्हता, पण तिची तान्ही लेक राणी कधी पालथी पडली, पहिला दात वर आला की खाली, केळं दिसलं की ती तोंड कसं फिरवते, हे सगळं त्याला पाठ होतं. व्हिडिओ एकदा बघायचा, मग आवाज बंद करून पुन्हा बघायचा, आणि फोन खिशात टाकून मुकाट्याने भाकरी मोडायचा. आपण बघतो हे कोणाला कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. त्याच्या फोनवर नावापुढे त्याचा स्वतःचा फोटोसुद्धा नव्हता. आपणच आखलेल्या एका गणपतीचा चेहरा त्याने तिथे लावला होता.

भांडणाचं म्हणाल, तर मनस्वी काही पळून गेली नव्हती. हरेश कंपनीत शिफ्टला जाणारा, रोह्याचा, सरळ पोरगा. तिने घरी येऊन तोंडावर सांगितलं की मी याच्याशी लग्न करणार. जगनचा राग लग्नावर कमीच होता. शाळेत असल्यापासून ती त्याच्या शेजारी पाटावर बसून आखणी शिकली होती. तिची रेघ त्याच्यापेक्षा मऊ यायची आणि हे तो चारचौघांत सांगायचा. घरच्या गणपतीचे डोळे तर दरवर्षी तीच आखायची, तो नुसता बसून बघायचा. आता ती जाणार म्हटल्यावर या बाबाचं डोकं फिरलं. "मला सोडून जाऊ नको" असं म्हणायचं सोडून, सगळी गल्ली दारात उभी असताना तो ओरडला, "गेलीस तर या उंबऱ्यात परत पाय टाकू नको."

ती गेली. लग्नाला तिची आई, काशीबाई, एकटीच जाऊन आली. जगन आपल्या शब्दाला चिकटून बसला. सगळ्यांसमोर बोललेलं मागे घ्यायची त्याला सवय नव्हती.

यंदा श्रावणात काम अंगावर आलं. शेजारी पोपट नावाचा कारागीर मूर्तींच्या सोंडांना रंग देत बसलेला असायचा, आणि पोपटचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. त्या दिवशी त्याला भाचीच्या पोराची काळजी लागली होती. वर्ष उलटलं तरी पोर उभं राहत नाही म्हणत होता.

"राहील रे," जगन कामाच्या नादात बोलून गेला. "आमची राणी पण कालच राहिली. दार धरून उभी झाली, दार सोडलं, आणि बदकन बसली. रडली पण नाय."

"तुला काय माहीत? तू तर बोलत नाय त्यांच्याशी."

जगनचा ब्रश थांबला. "स्टेटसला होतं की. सगळ्यांनाच दिसतं ते. तू बघत नाय?"

मनस्वी कारखान्यात होती तेव्हापासून तिचा नंबर पोपटकडे होता. त्याने हात पुसले, फोन काढला, वरखाली करून बघितलं. "काय पण नाय रे. तिनं टाकायचं कवाच सोडलंय. बाळंत झाली तवा एकदोन बघितलेली, मग काय नाय."

जगनने विषय बदलला. पण त्या दुपारी एका गणपतीचा डावा डोळा त्याला पुसून पुन्हा करावा लागला.

घरी काशीबाई पडवीत भेंडी चिरत बसली होती. हंगामात पडवीत पाय ठेवायला जागा नसे, कारण मालक छोट्या मूर्ती आखणीसाठी घरीच पाठवायचा. गणपतींच्या रांगांमधून वाट काढत जगन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. काशीबाईकडे साधा बटणाचा फोन होता. त्यावरून ती रोज लेकीशी बोलायची, नवरा आंघोळीला गेला की. नवराही अलीकडे आंघोळीला भलताच वेळ लावायचा.

"मनीचं स्टेटस पोपटला नाय दिसत," तो म्हणाला.

दोन वर्षांत या घरात त्याने तिचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. काशीबाईचा विळीवरचा हात थांबला नाही. "कोणालाच नाय दिसत. पोरीला दृष्ट लागंल, सगळ्यांना दाखवू नको, असं तिची सासू बोलली. मग तिनं सगळी नावं काढली. एकच ठेवलं."

"कोणाचं?"

"आता कोणाचं असंल?"

जगनने खिशातल्या फोनवर हात ठेवला.

"ती बोलते, बाबाची दृष्ट माझ्या पोरीला लागायची नाय," काशीबाई म्हणाली.

"पण मी बघतो ते तिला कुठं माहीत हाय?"

"बघणाऱ्याचं नाव येतं तिथं. तुमचं रोज दुपारी येतं. मागं तुमी तापानं पडलेलात, दिवसभर नाव आलं नाय, तर तिनं मला तीन वेळा फोन केला. बाबा बरा हाय ना, बाबा बरा हाय ना."

जगन तिथेच गणपतींच्या रांगेत खाली बसला. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला. इतके दिवस तो समजत होता की आपण बंद दाराच्या फटीतून बघतोय. लेक तर रोज दार उघडून उभी होती.

"तू मला सांगितलंस का नाय?" तो बायकोवर घसरला.

"तुमी विचारलंत कवा?" काशीबाई म्हणाली आणि भेंडी उचलून आत गेली.

घरचा गणपती कोपऱ्यातल्या स्टुलावर तयार होता, फक्त डोळे राहिले होते. गेली दोन वर्षं जगनने ते स्वतःच आखले होते. आता त्याने ब्रश हातात घेतला आणि परत ठेवून दिला. लेक त्याला एकट्याला दाखवते, तर आपणही तिला एकटीलाच काहीतरी दाखवायचं, असं त्याने ठरवलं. फोन करायची हिंमत मात्र नव्हती. फोनवर समोरचा माणूस लगेच उत्तर देतो.

दुसऱ्या दिवशी त्याने पोपटला हळूच विचारलं, "स्टेटस टाकताना एकाच माणसाचं नाव निवडायचं, तर कुठं जायचं?"

पोपट खुशीत आला. तो स्वतः मित्रांबरोबरच्या जेवणावळींचे व्हिडिओ टाकायचा आणि मेव्हण्याला ते दिसू नयेत याची काळजी घ्यायचा. एक नाव निवडायचं म्हणजे लपवण्यासाठीच, दुसरं काही त्याच्या डोक्यात आलंच नाही. "कोणापासनं लपवतोस रे?"

"तुला काय करायचंय? दाखव फक्त."

पोपटने दाखवलं. इथे दाबायचं, मग हे मधलं, मग नावावर बोट. फोन इंग्रजीत होता, त्यामुळे मधल्या ओळीत काय लिहिलंय हे जगनने विचारलं नाही. जागा लक्षात ठेवली.

संध्याकाळी त्याने फोन रंगाच्या डब्यांना टेकवून उभा केला, आणि स्टुलावरचा गणपती मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसला. बघायचं कुठे ते त्याला समजेना, म्हणून तो गणपतीकडेच बघत बोलला. "मने, आपल्या गणपतीचे डोळे राहिलेत. मी नाय करणार. ते तुझं काम हाय. राणीला घेऊन ये, जावयांना घेऊन ये. मी तवा बोललो ते चुकलं माझं. तुझ्याबिगर पाटावर बसवत नाय मला." एवढं बोलून तो फोन बंद करायला उठला, तर व्हिडिओत शेवटी त्याचं पोटच आलं. ते त्याने तसंच ठेवलं. पोपटने सांगितलं तसं करत गेला, मनस्वीचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं. नावाला लाल खूण आली. लाल रंग शुभ, त्याला बरं वाटलं.

सकाळी दूधवाला म्हणाला, "जगनदा, कवा येते लेक?" जगनला कळेना याला कसं समजलं. नाक्यावर चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. कारखान्यात मालक येऊन नुसताच खांद्यावर हात ठेवून गेला, आणि पोपट तर डोळे लाल करून बसला होता. "रडवलंस रे," पोपट म्हणाला. "माझी बायको पण रडली. पण मला सांग, लपवलंस कोणापासनं?"

एकीला सांगितलेलं सगळ्या पेणने ऐकलं होतं. कान गरम झाले, पण मग त्याला वाटलं, जाऊ दे, सगळ्यांना दिसलं म्हणजे तिलाही दिसलं असेल. बघणाऱ्यांची नावं येतात हे आता त्याला माहीत होतं. त्याने मूर्तींच्या मागे जाऊन यादी उघडली. दूधवाला, मालक, पोपट, खांब गावची बहीण हौसा, ज्याच्याशी बांधावरून वाजलं होतं तो चुलत भाऊसुद्धा. मनस्वी नव्हती. त्याने दुपारपर्यंत कितीदा तरी ती यादी उघडली. नावं वाढत गेली, तिचं आलं नाही. ती रोज आपलं नाव येण्याची वाट बघत असेल, तेव्हा तिला कसं वाटत असेल, हे त्याला त्या दिवशी कळलं. डबा त्याने उघडलाच नाही.

तिकडे अष्टमीत मनस्वीचा फोन वाजला. हौसाआत्या होती. "अगो, कवा जातेस पेणला?"

"मी कशाला जाऊ, आत्ये?"

"बापाचं स्टेटस बघितलंस नाय? त्याला असं बोलताना मी जल्मात बघितला नाय गो."

मनस्वीने बघितलं. काही नव्हतं. पुन्हा बघितलं. सगळ्यांना दाखवलं आणि मला नाही, या विचाराने तिला रडू आलं. हरेश रात्रपाळी करून झोपला होता, त्याला उठवावं असंही तिच्या मनात आलं. मग ती थांबली. एका माणसाला वगळायचं तर फोनमध्ये जाऊन त्याचंच नाव शोधून काढावं लागतं. सगळ्या नावांमधून बाबाने तिचंच नाव शोधलं होतं. आणि बाबा तिला मुद्दाम वगळणारा माणूस असता, तर रोज दुपारी न चुकता राणीला बघत बसला नसता. ती रडता रडता हसायला लागली.

"आत्ये, काय बोलला ते सांगू नको," ती म्हणाली. "मी त्याच्याच तोंडून ऐकते."

उद्या सकाळी निघायचं, असं तिने आईला कळवलं आणि बाबाला सांगू नको म्हणून बजावलं. दुसऱ्या दिवशी ती हरेश आणि राणीला घेऊन एसटीने पेणला उतरली. जगन पडवीत होता. कारखान्यात जायचा त्याला धीर झाला नव्हता, कारण तिथे जो तो "आली का?" म्हणून विचारत होता. दारात सावली पडली म्हणून त्याने मान वर केली. मनस्वी कडेवर राणीला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती, मागे हरेश पिशवी धरून.

"आत ये," जगन म्हणाला.

"तू बोललास ते मला दिसलंच नाय, बाबा. सगळ्या पेणला दिसलं, मला नाय."

जगनने घाईघाईने फोन काढून तिच्या हातात दिला. तिने सेटिंग उघडलं आणि त्याच्यासमोर धरलं. लाल खुणेचं एकच नाव होतं. "या यादीत ज्याचं नाव असतं, त्यालाच दिसत नाय."

"दुसऱ्या कोणाचं नाव मी टाकलंच नाय."

"माहीत हाय मला," मनस्वी म्हणाली. "म्हणून तर आले. आता तोंडानं सांग."

एव्हाना गल्लीतली दारं उघडली होती. दोन वर्षांपूर्वी उभी होती तीच माणसं उभी होती. जगनने त्यांच्याकडे बघितलं, मग लेकीकडे.

"माझं चुकलं, मने. तू जाणार ते मला सोसलं नाय, म्हणून तसं बोललो. हे घर तुझं हाय. आत ये."

तिने पाय आत टाकला. काशीबाईने घाईने आणलेला भाकरतुकडा ओवाळायचा राहूनच गेला, कारण राणी आईच्या कडेवरून पुढे झुकली होती आणि पडवीतल्या रांगांकडे बोट दाखवत होती. "आबा," ती म्हणाली. मग पुढच्या मूर्तीकडे बोट नेलं. "आबा." मग त्याच्या पुढच्या. "आबा. आबा."

"हे काय?" जगनने विचारलं.

मनस्वीला हसू आवरेना. "तू बघितलंस की तुझं नाव येतं, नावापुढं तुझा फोटो. मी रोज तिला दाखवते, बघ, आबांनी बघितलं. पण फोटो गणपतीचा ना."

जगनने हात पुढे केले. राणी आली. फोनमध्ये बघितली त्यापेक्षा ती जड होती, आणि तिच्या डोक्याला खोबरेल तेलाचा वास येत होता, जो फोनमधून कधीच आला नव्हता. "आबा मी हाय गो," तो तिला म्हणाला. राणीने त्याच्याकडे बघितलं, गणपतीकडे बघितलं, आणि गणपतीकडे बोट केलं. जगनच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते कोणापासून लपवलं नाही.

मनस्वी तोपर्यंत पाटावर बसली होती. तिने ब्रश उचलला, टोक ओठांवर फिरवून बघितलं, स्टुलावरचा गणपती जवळ ओढला.

"मने," जगन म्हणाला, "तुझं झालं की माझा एक फोटो काढ. फोनवरनं तो गणपती काढून माझं तोंड लाव."

"डोळे झाले की काढते," ती म्हणाली. "आता जरा सरक, बाबा. उजेड अडवतोस."

जगन नातीला घेऊन बाजूला सरकला.