काचेवरचा एक ठिपका

मित्रांनो, मी एक जुना रिटचिंगचा स्टँड आहे. तुम्ही मला ओळखले नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरूनच कळते. बुलढाण्यातल्या या फोटोच्या दुकानात येणारे बहुतेक लोक मला मोडके डेस्क समजतात आणि माझ्यावर पिशवी ठेवतात. दुकानाची मालकीण स्नेहलता हिने तर माझ्या अंगावर छपाईच्या कागदांचे गठ्ठे रचले आहेत. ती समोर कॉम्प्युटरवर फोटो उघडते, माउस फिरवते, आणि गालावरचा फोड, डोळ्यांखालचे काळे, मागच्या भिंतीवरची पाल, सगळे क्षणात नाहीसे करते. मग फोटो छापायला जातो. तिला वाटते ही नवी विद्या आहे. हेच काम मी साठ वर्षांपूर्वी करत होतो. तेव्हा एका चेहऱ्याला अर्धा दिवस लागायचा.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी संशयी आहे. कोणी गोड हसत आत आले की मला वाटते, याला काय लपवायचे आहे? आणि बहुतेक वेळा काहीतरी लपवायचे असतेच. स्वतःचा चेहरा असतो तसा घेऊन जायला फोटोच्या दुकानात कोणी येत नाही.

महाराष्ट्र राज्य झाले त्या वर्षी दयाराम सुतारांनी मला सागाच्या लाकडातून घडवले. स्नेहलताचे आजोबा मार्तंडराव यांनी कागदावर माझे चित्र काढून दिले होते. एक उतरती फळी, फळीच्या मधोमध वहीच्या पानाएवढी खिडकी, खिडकीखाली आरसा आणि वरचा उजेड अडवायला लाकडी छप्पर. हे नेमके कशासाठी, ते दयाराम सुतारांना शेवटपर्यंत कळले नाही. "देवघर हाय का कोंबड्याईचं खुराडं?" असे ते विचारत. मला दोन्ही आवडले नव्हते.

त्या काळी आमच्या दुकानात फोटो आधी काचेवर उतरायचा. त्या काचेला निगेटिव्ह म्हणत. तिच्यात सगळे उलटे दिसते. गोरा माणूस काळा, काळे केस पांढरे. मार्तंडराव ती काच माझ्या खिडकीवर ठेवत आणि खालचा आरसा उजेडाकडे वळवत. मग काचेवर पातळ रोगण चोळून, सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने बारीक बारीक टिंबे देत. काचेतून जिथे उजेड आरपार येतो, तिथे फोटोत काळे उठते. देवीचे व्रण, सुरकुत्या, धुळीच्या कणांनी पडलेली छिद्रे, सगळी काचेवर चमकताना दिसायची. ती पेन्सिलीने भरली की फोटोत कातडी साफ यायची. एकूण काय, जे जे चमकते ते दोषी, असे मी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकले.

आमचे नाव झाले. चिखली, मेहकर, जानेफळ, कुठकुठून लोक येत. लग्नाच्या मुलीचा फोटो असला की मुद्दाम मार्तंडरावांकडे टच करून घेत. लोक त्यांच्या हाताची तारीफ करत आणि ते माझ्या फळीवर थाप मारत. मला मात्र पुढचीच काळजी. पाहुणे येतील तेव्हा फोटोतली मुलगी आणि चहा घेऊन येणारी मुलगी एकच आहे, हे त्यांना पटेल का?

मार्तंडरावांची एक सवय होती. गिऱ्हाइकाला ते कधी विचारत नसत. हा तीळ ठेवू का, हा व्रण काढू का, काही नाही. काच माझ्यावर आली की जे चमकेल ते भरायचे. मलाही ते बरोबरच वाटे. गिऱ्हाइकावर कोण विश्वास ठेवणार?

पाचसहा वर्षांनी मला एक गोष्ट खटकू लागली. मार्तंडराव माझ्यावर जास्तच वाकू लागले. पेन्सिलीचे टिंब कधी ठिपक्याच्या शेजारी पडू लागले. मी आधी पेन्सिलीवर संशय घेतला. मग आरशावर. मग मार्तंडरावांची पत्नी वासंतीबाई आरसा नीट पुसत नाहीत, असे ठरवले. त्या बिचाऱ्या काळ्या खोलीत फोटो धूत, तारेवर वाळत घालत आणि वर माझा आरसाही रोज पुसत. मार्तंडरावांच्या डोळ्यांवर मात्र मी एकदाही संशय घेतला नाही. धनी म्हटल्यावर तिथे माझी शंका पोचलीच नाही.

पाकिस्तानशी लढाई झाली त्या सालची गोष्ट. धाडहून तिघे जण फोटो काढायला आले. कडूबा नावाचे म्हातारे शेतकरी, त्यांची बायको झुंबरबाई आणि सून शालू. त्यांचा पंजाब नावाचा मुलगा फौजेत होता. त्याने पत्र लिहून घरच्यांचा फोटो मागवला होता. त्यानंतर दोन महिने त्याचे पत्र नव्हते. झुंबरबाईंचा जीव टांगणीला लागला होता, आणि घाबरलेला माणूस कोणावर चिडेल याचा नेम नसतो. शालू पावडर लावायला आरशाच्या खोलीत गेली, तेवढ्यानेही त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कपाळ म्हटले म्हणून सांगतो, त्यांचे कुंकू रुपयाएवढे होते. शालूचे बारीक, तुरीच्या दाण्याएवढे. सासूसासरे खुर्च्यांवर बसले, शालू मागे उभी राहिली, आणि फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी ती काच माझ्यावर आली. त्या आठवड्यात फार धूळ होती. काचेवर जागोजाग छिद्रे चमकत होती. मार्तंडराव डोळे बारीक करून एकेक भरत गेले. भिंतीवरची भरली, कडूबांच्या पागोट्यावरची भरली. शालूच्या चेहऱ्यावर, पदराच्या काठाखाली, एक बारीक ठिपका उजेड फेकत होता. कुंकू लाल असते, फोटोत काळे येते, म्हणजे काचेवर ते चमकणारच. हे मला कळायला हवे होते. पण मी मनात म्हणालो, हा बघा, अजून एक चोर! मार्तंडरावांनी तो ठिपका भरून टाकला.

कडूबांनी येऊन फोटो नेला. त्यांनी फक्त स्वतःचे पागोटे नीट आले का ते पाहिले.

चारच दिवसांनी तिघेही पुन्हा दारात उभे राहिले. शालूच्या काखेत कपड्यांचे गाठोडे होते. तिचे माहेर बीबीचे. तिला तिकडे नेऊन घालायचे, पंजाब येईपर्यंत घरात घ्यायचे नाही, असे झुंबरबाईंनी ठरवले होते. बीबीची वाट बुलढाण्यावरूनच जाते. जाताजाता एकदा विचारून घेऊ, एवढीच कडूबांची विनंती त्यांनी ऐकली होती.

झुंबरबाईंनी फोटो माझ्या फळीवर आपटला. सासूच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होते. सुनेचे कपाळ कोरे होते.

"तुमी फोटो काढला तवा हिच्या कपायावर कुकू होतं का नोतं?" त्यांनी मार्तंडरावांना विचारले. "खरं सांगजा."

मार्तंडरावांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "आम्ही मनाचं काही घालत नाही, बाई," ते म्हणाले. "काचेवर जसं उतरलं, तसंच दिलं."

"आयकलं?" झुंबरबाई सुनेकडे वळल्या. "दोन मयने झाले पोराचं पत्र नाई, अन् तू आरशाच्या खोलीत जाऊन कुकू पुसून येतं? काऊन पुसलं वो? माह्या लेकाच्या जिवावर काऊन उठली?"

"म्या नाई पुसलं, आत्याबाई."

"मंग कोनं पुसलं?"

शालू बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग ती खाली मान घालून म्हणाली, "पावडर लावून राह्यलो होतो, तवा हात लागला असन. मले आठवत नाई. मीच पुसलं असन."

मित्रांनो, मी आयुष्यभर लोकांवर संशय घेतला. पण जे केले नाही त्याचा संशय स्वतःवर घेणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहिले. ती खोटे बोलत नव्हती. चार दिवस ऐकून ऐकून तिला ते खरेच वाटू लागले होते. मला ओरडून सांगायचे होते की ठिपका होता, मी पाहिला होता, माझ्याच खिडकीवर तो भरला गेला. पण लाकडाला कुठून आवाज येणार? मला स्वतःची फार लाज वाटली.

मार्तंडराव उठले, पेटीतून ती काच शोधून काढली आणि माझ्या खिडकीवर ठेवली. आरसा वळवला. नाक टेकेल इतके वाकले. पुष्कळ वेळ गेला. मग त्यांनी हाक मारली, "वासंती, इकडे ये. मला दिसत नाही."

तीन शब्द. ते त्यांनी वर्षभर घरात लपवले होते, गावात लपवले होते, आणि आज धाडच्या तीन परक्या माणसांसमोर उच्चारले. मी त्यांच्यावर थोडा आधी संशय घेतला असता तर बरे झाले असते.

वासंतीबाईंनी काच तिरपी धरली. पेन्सिलीचे शिसे तिरप्या उजेडात चकाकते. "इथे भरलं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "कपाळाच्या मधोमध. धुताना कोरं कपाळ मीही पाहिलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं." सून विधवा असेल असे समजून त्यांनी तेव्हा विचारले नव्हते, हे सगळ्यांना कळले.

त्यांनी टर्पेंटाइनमध्ये कापसाचा बोळा भिजवला आणि ती जागा पुसली. रोगण निघाले, पेन्सिल निघाली, आणि बारीक ठिपक्यातून उजेड वर आला. झुंबरबाईंना माझ्या छपराखाली वाकून पाहायला सांगितले.

"हे तं पांढरं हाय," त्या म्हणाल्या.

"इथे जे पांढरं दिसतं, ते फोटोत काळं उठतं," वासंतीबाई म्हणाल्या.

"आता तुमीच पाडलं असन भोक! मले का मालूम?"

या बाई संशयात मलाही मागे टाकणाऱ्या निघाल्या. वासंतीबाईंनी वाद घातला नाही, फक्त बोळ्यावर आलेले पेन्सिलीचे काळे दाखवले. एका हातात काच घेतली, दुसऱ्या हाताने झुंबरबाईंचा हात धरला आणि त्यांना काळ्या खोलीत नेले. तिथे काचेखाली कोरा कागद ठेवून क्षणभर उजेड दाखवायचा, मग लाल दिव्याखाली तो औषधाच्या पाण्यात टाकला की त्यावर हळूहळू चित्र उठते. मला आतले दिसत नाही, ऐकू येते. आधी नुसते पाणी हलल्याचा आवाज आला. मग झुंबरबाईंचा.

"पागोटं उठून राह्यलं. हे मी... हे शाली..." आणि एकदम मोठ्याने, "आलं वो बाई, आलं! बारीकच हाय, पन हाय!"

त्या बाहेर आल्या तेव्हा हातातल्या फोटोचे पाणी लुगड्यावर गळत होते. त्यांनी शालूकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. कडूबांना म्हणाल्या, "बीबीची नाई. धाडची गाडी पाहा."

शालूने गाठोडे खाली ठेवले नाही. "नाई, आत्याबाई. मी बीबीलेच जातो."

"आता काऊन?"

"घरातून तुमी काढलं मले. आता घ्यायले बी तुमीच या. मामाजीले नोका धाडू. सोता या माह्या मायच्या घरी, अन् चार बायाईत सांगा का पोरीनं पुसलं नोतं."

एवढे बोलून ती रस्त्यावर उतरली. कडूबा तिच्या मागे गेले. झुंबरबाई दुकानातल्या खुर्चीवर बसून राहिल्या. वासंतीबाईंनी दिलेला चहा त्यांनी घेतला नाही.

त्या जातील असे मला वाटले नव्हते. धाडचा बाजार सोडून त्या एकट्या कुठे गेलेल्या नव्हत्या, आणि सासू आपण होऊन सुनेच्या माहेरी चूक सांगायला जाते, हे मी कधी ऐकलेही नव्हते. माझा संशय खोटा ठरला. नवव्या दिवशी दोघी दारात उतरल्या. शालू सरळ माझ्याकडे आली आणि तिने ती काच मागितली. माझ्या छपराखाली वाकून तिने तो ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. वासंतीबाईंनी झुंबरबाईंना विचारले, "मग? सांगितलंत?"

"चार नाई, आठ बायाईत सांगतलं," झुंबरबाई म्हणाल्या. आवाजात अजून थोडा राग होता.

पंजाब सुखरूप होता. फोटो पोचल्याचे त्याचे पत्र दिवाळीनंतर आले, असे कडूबा सांगून गेले. त्याच्या जिवाचा आणि त्या ठिपक्याचा काही संबंध नव्हता.

मार्तंडरावांनी चष्मा घेतला आणि पेन्सिल वासंतीबाईंच्या हातात दिली. त्यांचा हात तितका सफाईदार नव्हता. पण त्या गिऱ्हाइकाला जवळ बोलवत, काच दाखवत आणि प्रत्येक ठिपक्याला विचारत, हे तुमचे आहे की धुळीचे? लोकांना ते नवल वाटे. जानेफळच्या एका म्हातारीने गालावरचे सगळे व्रण ठेवायला लावले, आणि मी उगीचच तिच्यावर संशय घेतला.

पुढे काचा गेल्या, रंगीत फिल्म आली, मग तीही गेली. माझा आरसा तडकला. मला कोपऱ्यात सरकवले, त्यालाही आता वीस वर्षे झाली. स्नेहलता कधीतरी माझी धूळ झटकते. तेवढे तिने करावे, आणि जमलेच तर आरसा बदलावा. जुन्या वस्तूचे एवढेच मागणे असते.

पण तुमच्याकडे माझे दुसरे मागणे आहे. मित्रांनो, आता तुमच्या प्रत्येकाच्या हातात चेहरे पुसायचे यंत्र आहे. फोटो छापायच्या आधी खुशाल साफ करा. फक्त ज्याचा चेहरा आहे त्याला आधी विचारा. आणि विचारायचे राहून जाऊन हातून काही पुसले गेलेच, तर पहिल्यांदा विचारतील तेव्हाच सांगा की मी पुसले. नाहीतर ज्याने काही केलेले नाही, असे एखादे पोर तुमच्यासमोर मान खाली घालून म्हणेल, मीच पुसले असेल.