बाराचे तेरा

तिने चौथ्यांदा बटण दाबलं आणि चौथ्यांदा पडद्यावर तेच उमटलं : ही इन्स्टॉलेशन फाइल नियमात बसत नाही.

"झालं का?" सरांनी विचारलं. ते अंधशाळेत शिकवत आणि स्वतःही जन्मांध होते. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांचा हात ब्रेल छपाईयंत्रावर होता.

"नाही सर. यंत्र ठणठणीत आहे," दुरुस्तीवाली म्हणाली. "परवा संगणकात नवी सिस्टिम आली, तिचे नियम बदललेत. तुमचं यंत्र चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुना; तो तिला चालत नाही."

"म्हणजे भांडण त्यांचं आणि उपाशी माझ्या मुली."

दुसऱ्या दिवशी अकरा मुलींची परीक्षा होती. मागच्या वर्षी यंत्र अडलं तेव्हा प्रश्न वाचून दाखवावे लागले होते. "परत परत विचारायची लाज वाटते, सर," एक जण नंतर म्हणाली होती. तिने दोन प्रश्न सोडून दिले होते.

यंत्राची कंपनी कधीच गाशा गुंडाळून बसली होती. शेवटी दुरुस्तीवालीने ती फाइलच उघडली आणि ओळ न् ओळ वाचली. ड्रायव्हर सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवा, असं फाइल सांगत होती. नव्या नियमाने ज्याने त्याने आपल्याच जागेत राहायचं. फाइलच्या भाषेत सामाईक जागेचा आकडा बारा, नव्या जागेचा तेरा.

"सर, बारानेच आपले बारा वाजवले होते."

तिने दोन ओळींत बाराचे तेरा केले. फाइल बदलल्याने तिच्यावरची जुनी डिजिटल सही बाद झाली; त्या संगणकापुरती तिने स्वतःची केली.

यंत्र खडखडलं. सरांनी कागदावरून बोटं फिरवली.

"प्रश्न पहिला," त्यांनी मोठ्याने वाचलं आणि खुर्ची चाचपून ते खाली बसले.

फाइलच्या तळाशी एक ओळ होती, संगणकासाठी नव्हे, माणसांसाठी : 'अडलात तर फोन करा.' पुढे फाइल लिहिणाऱ्याचा नंबर. आता अडलं काहीच नव्हतं. तरी तिने फोन लावला.

"कोण?" आवाज म्हाताऱ्याचा होता.

"तुम्ही लिहिलेली ब्रेल यंत्राची फाइल आज दुरुस्त केली, काका. इतकी नीट लिहिली होतीत, म्हणून जमलं. आभार मानायला फोन केला."



"ते यंत्र... अजून चालतं?"

तिने फोन यंत्राजवळ धरला. दोन पानं खडखडत बाहेर पडली. फोन पुन्हा कानाला लावला, तेव्हा म्हातारा घरात कुणाला तरी हाका मारत होता.

"अगं, गॅस बंद कर आणि ये लवकर!" मग तिला, हळूच : "ताई, आणखी एक पान काढता? हिने ऐकलं नाही."