आत घेतं आणि बाहेर काढतं

“चिमे, हे मला आत घेतं आणि लगेच बाहेर काढतं गं!”

मामांचा हा तिसरा फोन. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाराच्या आत हॉस्पिटलच्या ॲपवर ‘येणार’ हे बटण दाबलं नाही, तर मामीच्या हृदयाच्या ऑपरेशनची सोमवारची तारीख रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. चार महिने वाट बघून मिळालेली तारीख! हॉस्पिटलात फोन केला तर काउंटरवरची बाई म्हणे, ऑनलाइनच करा, तेही नोंदवलेल्या फोनवरूनच.

“मामा, पासवर्ड नीट टाका. घाईत चुकतंय तुमचं काहीतरी.”

“अगं, सात वेळा टाकला. मामी वाचून दाखवतेय, मी एकेक अक्षर दाबतोय.”

मागून मामीचा दमलेला आवाज आला, “राहू द्या हो, तुम्हाला नाही जमायचं ते.”

मामा म्हणजे चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, आणि आता त्याला एक पान उघडता येईना!

चिमीला आधी त्यांचाच राग आला. येणारच. ॲप तिच्याच कंपनीने बनवलं होतं आणि पानांच्या दारावर पहारा देणारा कोड तर खुद्द तिनेच लिहिला होता. लॉगिन केलेलं नसेल त्याला लॉगिनच्या पानाकडे परत पाठवायचं, एवढंच त्याचं काम. ऑफिसात तो एकदाही चुकला नव्हता. ‘लॉगिन होत नाही’ अशा एकतीस तक्रारी आल्या होत्या खऱ्या, पण प्रत्येकीखाली तिने तेच उत्तर डकवून ती बंद केली होती: वापरणाऱ्याची चूक, पासवर्ड तपासावा.

तरी तिने आपल्या कम्प्युटरचं नेट मुद्दाम मामांच्या फोनइतकं मंद केलं आणि चाचणीच्या खात्याने लॉगिन केलं. पान क्षणभर दिसलं, की धाडकन पुन्हा लॉगिन. परत केलं. परत तेच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कसला पहारेकरी! आलेला माणूस ओळखीचा आहे का, असं सर्व्हरला विचारायचं, आणि उत्तर यायच्या आत ‘नाही’ समजून त्याला हाकलायचं? ऑफिसच्या नेटवर उत्तर पापणी लवायच्या आत येई, म्हणून कुणाला कळलंच नाही. उत्तर येईपर्यंत थांब, एवढंच सांगायचं राहिलं होतं. आणि सांगायचं होतं तिनेच.

पाच मिनिटांत तिने ते लिहिलं, तपासलं आणि ती परवानगीसाठी साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. साहेबांना सगळे मागून ‘नंतर बघू’ म्हणत.

“सोमवारी सोडू ना हा बदल,” साहेब म्हणाले. “एकदोन जणांना पासवर्ड आठवत नाही म्हणून शुक्रवारी चालू ॲपला हात लावायचा...”

“एकतीस जण!” ती कडाडली. अख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. “कुणाला काही विसर पडला नव्हता, साहेब. माझ्या कोडने त्यांना हाकललं, आणि वर मीच त्यांना बावळट ठरवलं. आत्ता जाऊ द्या हे. नाहीतर एकतीस जणांना तुम्ही स्वतः फोन करा.”

साहेबांनी मुकाट्याने परवानगीचं बटण दाबलं.

बाराला सात कमी असताना तिने मामांना फोन लावला. “आता करा.”

पलीकडे मामी एकेक अक्षर वाचू लागली. मामांचा श्वास ऐकू येत होता.

“थांबलं गं पान! दाबलं. ‘तारीख पक्की’ म्हणतंय!”

चिमीने डोळे पुसले. मामा मग हळूच म्हणाले, “चिमे, म्हणजे पासवर्ड बरोबरच होता ना माझा?”

“बरोबर होता, मामा. पहिल्यापासून. चूक माझी होती.”

“मग हे जरा तुझ्या मामीला सांग. फोन देतो.”

मामीला सांगून झाल्यावर तिने बंद केलेली पहिली तक्रार उघडली. खाली तक्रार करणाऱ्याचा नंबर होता. तिने तो फिरवला.