राहण्याचा पत्ता

"सतरा वर्षं लोकांच्या पोरांकडून राज्यघटना घोकून घेतेस, आणि स्वतः कोर्टाची पायरी चढायची म्हटली की तुझे पाय लटपटतात," अर्डेलिया म्हणाली आणि लेकीच्या ब्लाउजवर इस्त्री दाबून धरली.

लुवेनियाने ब्लाउज घेतला, घातला आणि शाळेला निघून गेली.

त्रेसष्ट सालचं मिसिसिपी. मतदारयादीत नाव घालायला त्यांच्या आळीतलं एकही काळं माणूस आजवर गेलं नव्हतं. ती नोंदणी कोर्टाच्या इमारतीत व्हायची. सोमवारी अर्डेलिया चर्चची टोपी घालून तिथे एकटीच गेली. गोऱ्या कारकुनाने तिला तीन तास ताटकळत ठेवलं, मग घटनेचं एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहायला सांगितला. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईने एकेक अक्षर कोरून काढलं.

शेवटी त्याने राहण्याचा पत्ता विचारला. लेकीच्या घरी राहते, असं तिने मान ताठ करून सांगितलं. लेक काळ्यांच्या शाळेत शिक्षिका आहे, हेही त्याने न विचारता सांगून टाकलं. कारकून पहिल्यांदाच अदबीने हसला. अर्डेलियाला ते बरं वाटलं.

अर्ज करणाऱ्याचं नाव पत्त्यासकट दोन आठवडे पेपरात छापायचं, असा कायदा होता. गुरुवारी ते छापून आलं. अर्डेलियाने शेजारणीला बोलावून ती ओळ दाखवली. शेजारीण कॉफी अर्धी टाकून उठली आणि मागच्या दाराने गेली.

शुक्रवारी लुवेनिया दुपारीच घरी आली. हातात खोकं होतं. त्यात खडू, पितळी घंटा, गुंडाळलेला नकाशा. गोऱ्यांच्या शाळा मंडळाने तिला पुढच्या वर्षाचा करार नाकारला होता. ते सांगताना हेडमास्तर बिचारा स्वतःच्या बुटांकडे बघत होता, म्हणे.

अर्डेलियाने टोपी उचलली. आत्ताच्या आत्ता जाते, नाव काढून घेते, म्हणाली.

"काढून काय होणार, आई? पेपर घरोघरी गेलाय. पुढच्या आठवड्यातही छापणार आहेत."

हातमोजे काढून लुवेनियाने ते एकावर एक नीट ठेवले. ती चिडली असती, तर अर्डेलियाला तोंड उघडायला जागा मिळाली असती.

अर्डेलियाने टोपी टेबलावर ठेवली. मग खुर्ची ओढून लेकीच्या समोर बसली.

"तू भित्री नव्हतीस, लुवेनिया. काय होईल ते तुला ठाऊक होतं. मला नव्हतं, एवढंच."