दुसरी बादली

रविवारी सकाळी नऊ वाजता क्लबच्या मैदानाभोवती दोरी बांधली होती आणि दोरीबाहेर दीडशे माणसं श्वास रोखून उभी होती. आत मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर, एरवी चेंडू फेकणारी, आज बॅट घेऊन सज्ज होती. चेंडू फेकायचं यंत्र, खेळाडूंची शक्ती जागवायला कोचनी बोलावलेल्या साधकांचा शिष्य चालवत होता. लाल बादलीतले दहा चेंडू संपले. सगळ्यात लांबचा फटका अंतर मोजायला फक्कीने आखलेल्या दुसऱ्या रेषेपाशीच मेला.

मग पांढऱ्या ट्रॅकसूटमधल्या साधकांनी तिच्या मनगटावर निळी रबरी पट्टी चढवली, डोळे मिटले आणि घशातून लांब हुंकार काढला. शिष्याने निळी बादली पुढे ओढली. पहिलाच चेंडू चौथ्या रेषेपलीकडे गेला. टाळ्या थांबेनात.

"पाहिलंत?" साधक माइकवर म्हणाले. "शक्ती आपल्यात असतेच, फक्त कंपनं जुळत नाहीत. ती कोण बिघडवतं? लोखंड! जड लोखंड उचललं की स्नायूंना गाठी पडतात, हाताचा दगड होतो. हरीण कधी वजनं उचलतं का?"

"हरीण बॅटही धरत नाही," कॅन्टीनवाल्या मावशी पुटपुटल्या.

बाकी सगळ्यांनी कॅचरकडे पाहिलं. ती मुखवटा लावून यष्टीरक्षकासारखी मागे उकिडवी बसली होती. खरं तर दोरीच्या आत कुणालाच परवानगी नव्हती. कंपनं मोडतात म्हणे. फटकावलेले चेंडूसुद्धा शिष्य स्वतः गोळा करायचा. पण या मैदानावरची मागची जाळी वर्षभर फाटलेली होती. ऐनवेळी कोचच म्हणाले होते, "हमाल बसेल मागे."

हमाल हे तिचं संघातलं नाव. कपडे बदलायच्या खोलीमागे वजनांची एक खोली होती. आधीच्या कोच मॅडमनी ती उभी केली, त्यांना दुसरीकडे नोकरी लागली, आणि खोलीत येणाऱ्या एकेक करून गळाल्या. शेवटी गळाली ती पिचर. ती आणि कॅचर वर्षभर एकमेकींची वजनांची दांडी सांभाळत होत्या. आता पिचर बाकावरही शेजारी बसत नव्हती. चौदा महिन्यांत खांद्यावर दांडी घेऊन कॅचर काढायची त्या बैठकांचं वजन चाळीस किलोवरून पंच्याऐंशीवर गेलं होतं आणि दुसऱ्या बेसवरची तिची फेक पाव सेकंदाने लवकर पोचत होती. हे आकडे तिच्या वहीत होते. वही कुणी मागितली नव्हती.

लागोपाठ चार सामने हरलेल्या कोचनी माइक घेतला. "पुढच्या रविवारी वजनांची खोली रिकामी करू. तिथे ध्यानकक्ष होईल. आणि ज्या पट्टी बांधून लोखंड सोडतील, त्यांच्यातूनच स्पर्धेचा संघ निवडेन."

त्यावरही टाळ्या पडल्या.

कॅचरने टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण तिच्या डाव्या तळव्याला अजून काहीतरी वेगळं जाणवत होतं. पिचरने न मारता सोडलेले चार चेंडू तिच्या हातमोज्यात आले होते. लाल बादलीतले दोन थब्ब करून आले होते, निळीतले दोन खणखणीत. लाल बादलीतला आणखी एक तिच्या डोक्यावरून, फाटक्या जाळीतून झुडपात गेला होता. गर्दी पांगल्यावर ती झुडपात शिरली.

"मावशी, तुमचा काटा देता?"

"पीठ मोजतेस की भविष्य?"

काट्यावर तो चेंडू दोनशे बावीस ग्रॅम भरला. क्लबचा कोरडा चेंडू एकशे सत्त्याऐंशी. मावशींनी अंगठ्याने शिवण दाबली. दोऱ्याच्या कडेला ओल आली.

"अगं, हा तर रात्रभर भिजवून वरून वाळवलाय. वाटाण्यासारखा! जा, सांग कोचना."

तिने सांगितलं. कोचनी काट्याकडे पाहिलंही नाही. "एक चेंडू झुडपात ओला झाला, त्यात काय मोठं? तुला पट्टी बांधायला बोलवत नाहीत म्हणून जळतेस होय?"

पुढचे सहा दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. सकाळी सहाला ती वजनांच्या खोलीत जायची, आरशासमोर बैठका काढायची, दांडी जागेवर ठेवायची. खोलीत आवाज असायचा तो तिच्याच श्वासाचा.

दुसऱ्या रविवारी गर्दी दुप्पट होती. वजनं उचलून न्यायला टेम्पोही आला होता. लाल बादली अर्धी झाली तेव्हा कॅचर मागून उठली, मुखवटा काढला आणि यंत्रापाशी गेली.

"बादल्या बदला."

"बेटी, प्रत्येक बादलीची कंपनं..."

"बादलीचीसुद्धा?" दोरीबाहेरून मावशी ओरडल्या. "मग पट्टी बादलीलाच बांधा की!"

लोक हसले. त्या हशात साधकांचा हुंकार बुडून गेला. शिष्य निळी बादली उचलून चालू लागला, तेव्हा त्याच्या हातावर हात ठेवला तो पिचरने.

"थांबा. मला बघायचंय."

पट्टी नसलेल्या मनगटाने तिने निळ्या बादलीतले चेंडू मारले. तिसरा चौथ्या रेषेपलीकडे गेला. मग पट्टी बांधून लाल बादलीतले. एकही दुसरी रेषा ओलांडेना. मावशींनी काटा आणून फक्कीच्या रेषेवर ठेवला आणि लाल बादलीतला एकेक चेंडू मोजत आकडे मोठ्याने वाचले. सातव्या आकड्याला साधक टेम्पोत बसले. येताना रिकामा आलेला टेम्पो त्यांना घेऊन गेला. वजनं राहिली.

"आणि गाठींचं काय?" एका पालकाने कॅचरला विचारलं. "वजनांनी हात खरंच जड होत नाहीत?"

"बॅट हातांनी फिरत नाही, काका. जोर पायांतून निघतो, कमरेतून वर येतो, हात तो फक्त पोचवतात. पाय दुबळे असले तर हात काय पोचवणार? जड वजन नीट शिकून, पूर्ण खाली बसून, हळूहळू वाढवत उचललं आणि फेकायचा सरावही चालू ठेवला, तर अंग आखडत नाही. माझ्या फेकीची वेळ वहीत आहे. बघा."

काकांनी मान हलवली. वही उघडली नाही.

संघाच्या यादीत तिचं नाव पहिलं लागलं. पण तिचं म्हणणं खरं निघाल्यावरही बाकावरची शेजारची जागा रिकामीच राहिली. फसलेल्या माणसाला फसवणाऱ्याचा राग लवकर विसरता येतो. आधीच सांगणाऱ्याचं तोंड पाहणं मात्र अवघड जातं.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. कुणी एका बादलीतून चमत्कार दाखवला, तर दुसरी बादली मागा. अदलाबदल करून बघू द्यायला जो नकार देतो, त्याचं उत्तर त्या नकारातच असतं. आणि खरी ताकद हवी असेल, तर ती एका रविवारात मिळत नाही.

त्या रविवारनंतर दहाव्या दिवशी सकाळी पिचर वजनांच्या खोलीच्या दारात आली. आत आली नाही.

"पुन्हा सुरू करायचं तर पहिल्या दिवशी किती?"

"नुसती दांडी. वीस किलो."

"फरक कधी कळतो?"

"तीन-चार महिन्यांनी."

"बघते," पिचर म्हणाली आणि गेली.

कॅचरने आपली दांडी भरली. मग भिंतीशी उभी असलेली दुसरी दांडी पुसून शेजारच्या स्टँडवर आडवी ठेवली, वजनाविना. तेव्हापासून रोज सकाळी ती अशीच मांडते.

अजून तरी ती उचलायला कुणी आलेलं नाही.