लाल थेंबाखालचा स्क्रू

मित्रांनो, मी टेपरेकॉर्डर आहे. जुना आहे आणि थोडा तिरकाही आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी नाक मुरडायला नको. माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी गाणी वाजवणार होतो. नशिबी आली एक शिवणकाम करणारी बाई आणि तिचा घरगुती कॉम्प्युटर. बटण बंद केले की तो बिचारा सगळे विसरायचा. म्हणून ती आपले प्रोग्राम माझ्याकडून कॅसेटवर लिहून घ्यायची. वाजवले की नुसती किरकिर ऐकू यायची. शेजारी वैतागायचे, ती मात्र खुशीत मान डोलवायची.

एकदा मी शिलाई मशीनवरून खाली आपटलो. माझे हेड, म्हणजे ज्याने मी फीत वाचतो आणि लिहितो तो भाग, केसभर तिरके झाले. कोणाच्या लक्षातही आले नाही. त्यानंतरच तिने आपला सर्वांत मोठा प्रोग्राम लिहिला. मापे घातली की कापड कसे बेतायचे ते तो पडद्यावर आखून दाखवायचा. त्यावर तिने कितीतरी वर्षे दुकान चालवले. पुढे तिची नजर अधू झाली, दुकान बंद झाले आणि आमची रवानगी माळ्यावर झाली. तिथे मी धूळ खाल्ली, पण हार खाल्ली नाही.

मग तिच्या मुलीने जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायचे एक छोटे सर्किट बनवले. त्यात नखाएवढे मेमरी कार्ड. तीनदा सोल्डरिंग चुकले, चौथ्यांदा हिरवा दिवा लागला.

"आईचा प्रोग्राम यात घेतला की हा भंगारात," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

मुलगी हुशार, आणि हुशारांना हात आवरत नाही. तिने माझा पट्टा बदलला, हेड पुसले, तिरके दिसले म्हणून स्क्रू फिरवून सरळ केले. विकत आणलेली खेळाची कॅसेट मी झटक्यात वाचली. मग आईची कॅसेट घातली. वाचता येईना. पुन्हा घातली. येईना. प्रत्येक खेपेला फितीची तपकिरी भुकटी गळत होती, आणि त्या प्रोग्रामची कॅसेट एकच होती.

"आई, गेला गं तुझा प्रोग्राम. हा खटारा खाऊन बसला."

खटारा! सरळ हिने केले आणि दोष माझा!

"तू काय केलंस त्याला?" आईने विचारले.

"काही नाही. हेड तिरकं होतं, सरळ केलं."

"अगं, तिरकं असतानाच लिहिलंय ना त्यानं! सरळ होऊन कसं वाचेल? आण तो स्क्रूड्रायव्हर."

"तुला स्क्रू दिसणारे का?"

"बघायचंय कुणाला? ऐकायचंय. तू टोक खाचेत लावून दे फक्त."

कॉम्प्युटरची वायर काढून त्यांनी मला मोठ्याने वाजवले. आई कान देऊन स्क्रू फिरवत राहिली. आवाज आधी भरडा होता, मग धारदार होत गेला.

"हां. हाच तो."

वायर जोडली, फीत मागे नेली. चार मिनिटे मी फीत वाचत राहिलो. मग पडद्यावर पहिला प्रश्न उमटला: खांदा किती?

तो वाचून दाखवताना मुलीला रडू फुटले. "तुझाच खांदा घाल," आई म्हणाली.

प्रोग्राम कार्डात गेला. आता माझे चार मिनिटांचे काम ते कार्ड पापणी लवायच्या आत करते. करू दे. त्याला पहिला घास मी भरवला आहे.

"आता परत सरळ करू?" मुलीने विचारले.

"खबरदार! नेलपॉलिश आण."

आईने चाचपत स्क्रूवर लाल थेंब टाकला, पुन्हा कोणी फिरवू नये म्हणून. भंगाराचे नाव परत निघाले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा हो, अशा विनवण्या मी करणार नाही. पण दुरुस्त करायला बसाल तेव्हा आधी विचारा, या वाकडेपणात त्या वस्तूने काय काय सांभाळले आहे? माळ्यावर आईच्या आणखी अकरा कॅसेट सापडल्या आहेत. त्या सगळ्या मी तिरका असतानाच लिहिल्या, आणि तिरका राहूनच वाचणार आहे.